अमेरिकेतल्या घराचा एसी आणि फर्नेस बदलताना: पैसा कुठे जातो, कुठे वाचतो

२०२४च्या जुलैमध्ये आई-बाबा सांगलीहून येऊन जेमतेम आठ दिवस झाले होते आणि आमचा एसी बंद पडला. बाहेरचं युनिट नुसतं घूंऽऽ करायचं, पंखा काही फिरत नव्हता. न्यू जर्सीतलं आमचं घर १९९८चं. छताला एकही पंखा नाही. बाबा ओला पंचा खांद्यावर टाकून बेसमेंटमध्ये जाऊन बसले. आई दर तासाला विचारायची, "एवढं मोठं घर बांधलं, एक पंखा लावायला काय झालं होतं यांना?"

संध्याकाळी एका कंपनीचा माणूस आला. दहा मिनिटं इकडेतिकडे बघून त्याने टॅबलेट उघडला. यातला गॅस आता मिळत नाही, फर्नेसही एसीच्याच वयाची आहे, दोन्ही एकदम बदला, २२,३०० डॉलर, आज सही केलीत तर १,५०० कमी. मी पेन हातात घेतलं होतं. बाबांनी मराठीत विचारलं, "नेमकं काय बिघडलंय ते सांगितलं का त्याने?"

सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुसरा एक तंत्रज्ञ आला आणि त्याने कपॅसिटर बदलला. मोटर सुरू करायला विजेचा धक्का देणारा डब्याएवढा भाग, २६५ डॉलर. एसी सप्टेंबरपर्यंत मुकाट चालला. यंत्रणा जुनी झाली होती हे खरंच होतं, पण आता आमच्या हातात नऊ महिने होते. २०२५च्या एप्रिलमध्ये आम्ही दोन्ही बदललं, १४,१५० डॉलरमध्ये. त्या नऊ महिन्यांत जे शिकले ते इथे लिहितेय. नवीन घर घेतलेल्या मराठी मंडळींचे फोन येतात, आणि बहुतेक फोन येतात तेव्हा घरात विक्रेता बसलेला असतो!

हे सगळं स्वतंत्र घरासाठी आहे, जिथे गॅसची फर्नेस आणि सेंट्रल एसी एकाच डक्टमधून हवा फेकतात. टाऊनहाऊस किंवा काँडो असेल तर बाहेरचं युनिट कुठे ठेवायचं, किती आवाजाचं चालेल, हे आधी असोसिएशनला विचारा. माझा अनुभव न्यू जर्सीचा आहे. टेक्सास-फ्लोरिडाकडे हिशेब बराच बदलतो.

१. आधी बेसमेंटमध्ये जा आणि फोटो काढा

आपल्याकडे काय आहे हे माहीत नसणं हे सगळ्यात महाग पडतं. फर्नेस म्हणजे गॅस जाळून हवा तापवणारी पेटी. तिच्यातच मोठा ब्लोअर असतो. पेटीच्या वर, पत्र्याच्या डक्टमध्ये, एसीची कॉइल बसवलेली असते. तिथून तांब्याच्या दोन नळ्या बाहेरच्या युनिटकडे जातात. या नळ्यांच्या जोडीला लाइन सेट म्हणतात. उन्हाळ्यात थंड हवा ढकलतो तो ब्लोअर फर्नेसचाच. एसी बदलायला आलेला माणूस फर्नेसवर का घसरतो याचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेलं अर्धं त्याच्या कमिशनमध्ये असतं.

दोन्ही यंत्रांवर एक पट्टी असते. तिच्यावरचा मॉडेल नंबर, सिरियल नंबर, रेफ्रिजरंटचं (एसीतल्या थंड करणाऱ्या गॅसचं) नाव आणि फर्नेसचं बीटीयू (बीटीयू हे उष्णता मोजायचं एकक), सगळ्याचा स्पष्ट फोटो काढा. सिरियल नंबरमध्ये बहुतेक कंपन्या बनावटीचं वर्ष गुंफतात. कंपनीचं नाव आणि नंबर इंटरनेटवर टाकलात की उलगडतं.

टन हा शब्द आपल्याला भारतातून ओळखीचा असतो. दीड टनाचा एसी सगळ्यांनी घेतलेला असतो, पण हा टन वजनाचा नाही. एक अमेरिकन टन, म्हणजे २,००० पौंड, बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी थंड करण्याची ताकद. ताशी १२,००० बीटीयू. बाहेरच्या युनिटच्या मॉडेल नंबरात बहुधा ०२४, ०३०, ०३६, ०४२ असा आकडा लपलेला असतो. त्याला बारानं भागा. ०४२ म्हणजे साडेतीन टन. आमचा तोच होता.

२. खरंच बदलायची वेळ आली आहे का?

उन्हाळ्यात कपॅसिटर, काँटॅक्टर आणि तुंबलेली पाण्याची नळी, हिवाळ्यात इग्नायटर आणि फ्लेम सेन्सर. "यंत्रणा मेली" असं वाटायला लावणारे हे नेहमीचे पाच. यातलं काहीही शे-दोनशे ते चारेकशे डॉलरमध्ये मिटतं. नळी तुंबली तर फ्लोट स्विच (पाणी साचलं की उचलला जाणारा खटका) एसी बंद करतो, आणि ते मोकळं करणं तर घरीच जमतं. कॉम्प्रेसर गेला, किंवा कॉइलमधून गळती होतेय, तर मात्र जुन्या यंत्रावर पैसे घालू नका.

इथले लोक एक ढोबळ गुणाकार करतात: यंत्राचं वय गुणिले दुरुस्तीचा खर्च. उत्तर ५,०००च्या वर गेलं तर बदलायचा विचार करा. आमचं २६ गुणिले २६५, म्हणजे ६,८९०. नियमाप्रमाणे बदलायला हवं होतं. पण जुलैच्या उकाड्यात बदलायचं की निवांत बदलायचं, हे तो गुणाकार सांगत नाही. ते २६५ डॉलर दुरुस्तीचे नव्हते, सवड विकत घेण्याचे होते.

दोन गोष्टींची भीती हमखास घातली जाते.

पहिली, एसीतल्या गॅसची. यंत्रावर आर-२२ लिहिलं असेल तर अमेरिकेत त्याचं नवं उत्पादन आणि आयात १ जानेवारी २०२०पासून बंद आहे. मिळतो तो साठ्यातला किंवा जुन्या यंत्रांतून काढून शुद्ध केलेला, आणि महाग. पण गळती नसेल तर गॅस भरावाच लागत नाही. पेट्रोलसारखा तो संपत नाही. दर उन्हाळ्यात "थोडा गॅस टॉप-अप करू" म्हणणाऱ्याला गळती कुठे आहे ते आधी दाखवायला सांगा.

दुसरी, फर्नेसच्या हीट एक्स्चेंजरला, म्हणजे ज्वाळा आणि घरातली हवा वेगळी ठेवणाऱ्या पत्र्याच्या भागाला, तडा गेल्याची. हा धोका खोटा नाही. तड्यातून कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो, आणि अलार्म वाजला तर वाद न घालता घराबाहेर पडायचं आणि बाहेरून फोन करायचा. पण अलार्म शांत असताना कुणी "लाल टॅग (धोकादायक, वापरू नका अशी चिठ्ठी) लावतो, आजच बदला" म्हणालं, तर कॅमेऱ्याने घेतलेला तड्याचा फोटो आणि मीटरवरचं मोनॉक्साइडचं रीडिंग मागा. खरा तंत्रज्ञ दोन्ही हसत दाखवतो.

३. किती टन लागतो हे मोजून घ्या

"आहे तेवढंच बसवू" हे वाक्य तुम्हाला तीनदा तरी ऐकू येईल. किंवा "पाचशे स्क्वेअर फुटाला एक टन". दोन्ही आळसाची उत्तरं. घराला किती थंडावा आणि किती ऊब लागते हे काढण्याची पद्धत ठरलेली आहे. तिला मॅन्युअल जे म्हणतात. एअर कंडिशनिंग काँट्रॅक्टर्स ऑफ अमेरिका या संघटनेची ती पद्धत. खिडक्या किती, कुठल्या दिशेला, माळ्यावर इन्सुलेशन किती, तुमच्या भागातला थंडीचा आणि उन्हाचा टोकाचा दिवस कसा, हे सगळं त्यात येतं.

आम्ही हे करायला सांगितलं तेव्हा दोघांनी फोनच ठेवला. तिसरा आला. साठीच्या पुढचा, पोलंडहून कधीकाळी आलेला, गुडघे दुखतात म्हणून जिना बाजूबाजूने उतरणारा. टेप घेऊन त्याने खिडक्या मोजल्या, माळ्यावर चढला, मग फर्नेसमधला फिल्टर ओढून काढला आणि नाकाशी नेला. फिल्टर पिवळट होता.

"तुम्ही खूप तळता का?"

"फोडणी देतो," म्हटलं. फोडणी म्हणजे काय हे नवऱ्याने त्याच्यापुढे हातवारे करून सांगावं, असं मी नवऱ्याकडे बघत होते आणि तो छताकडे. शेवटी आईने खाली येऊन त्याला हिंगाची डबीच हुंगायला दिली. त्या बिचाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण सल्ला नेमका मिळाला. घरातली हवा परत यंत्राकडे ओढणारी जाळी स्वयंपाकघराच्या दारातच होती, त्यामुळे फोडणीचा तेलकट धूर थेट फिल्टरवर. त्याने सुचवलं की एक इंची फिल्टरऐवजी चार इंची फिल्टरची पेटी बसवा, आणि शेगडीवरचा पंखा धूर बाहेर फेकतो की गाळून परत घरातच सोडतो ते बघा. आमचा परत घरात सोडत होता!

हिशेबाचं उत्तर: उन्हाळ्यात सुमारे २९,००० बीटीयू, हिवाळ्यात सुमारे ४१,०००. म्हणजे साडेतीन टनांच्या जागी अडीच टन पुरे. जुनी फर्नेस एक लाख बीटीयूची, ८० टक्के कार्यक्षमतेची, म्हणजे घरात ८०,००० सोडणारी. गरजेच्या दुपटीला टेकलेली. नवी ६०,००० बीटीयूची, ९६ टक्क्यांची घेतली, ती ५७,६०० देते.

मोठं घेतलं तर बिघडतं काय? मोठा एसी पाच-सात मिनिटांत थर्मोस्टॅट गाठतो आणि बंद होतो. हवा गार होते, पण तिच्यातला दमटपणा निघायला कॉइलवरून बराच वेळ हवा फिरावी लागते, ती फिरत नाही. त्यामुळे ७२वर लावूनही अंग चिकचिकतं, मग आपण ६९ करतो. शिवाय सारखं सुरू-बंद होऊन कॉम्प्रेसर लवकर जातो. बावीस हजारवाल्याने आम्हाला चार टन सुचवला होता. "पाहुणे येतात ना तुमच्याकडे?" म्हणाला.

डक्टचाही प्रश्न असतो. एका टनाला मिनिटाला सुमारे ४०० घनफूट हवा लागते. जुने डक्ट अरुंद असतील तर कितीही भारी यंत्र बसवा, ते धापाच टाकणार. वरच्या मजल्यावरची एक खोली कायम उकडत असेल तर ते कोटेशन मागतानाच सांगा. नवं यंत्र आपोआप ते बरं करत नाही.

४. गॅस की हीट पंप?

हीट पंप म्हणजे हिवाळ्यात उलटा चालून बाहेरची ऊब आत आणणारा एसी. यावर इथल्या ग्रुपवर हिरिरीने भांडणं होतात. भांडण्याआधी गेल्या बारा महिन्यांची बिलं काढा आणि एवढा गुणाकार करा.

एक थर्म गॅस म्हणजे १,००,००० बीटीयू. ९६ टक्क्यांच्या फर्नेसमधून घरात येतात ९६,०००. एक युनिट वीज म्हणजे ३,४१२ बीटीयू, तेव्हा तेवढ्या उबेला सरळ विजेने सुमारे २८ युनिटं लागतील. हीट पंप एका युनिटात तिप्पट ऊब आणतो असं धरलं तर सव्वानऊ-साडेनऊ युनिटं. म्हणून तुमच्या विजेचा सगळे आकार धरून पडणारा दर गुणिले ९.४, आणि त्याची तुलना एका थर्मच्या दराशी. वीज २० सेंट असेल तर १ डॉलर ८८ सेंट. गॅस त्याहून स्वस्त असेल तर हिवाळ्याचं बिल हीट पंपवर वाढणार. कडाक्याच्या थंडीत तिप्पट मिळत नाही, कमी मिळतं, तेही लक्षात ठेवा.

ज्यांच्याकडे गॅसची लाइनच नाही, तेलावर किंवा प्रोपेनवर किंवा भिंतीतल्या विजेच्या हीटरवर घर तापतं, त्यांनी मात्र हीट पंपचं कोटेशन घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. छतावर सोलर असेल तरी हिशेब फिरतो. आणि वीजपेटी १०० अँपिअरची असेल तर ती मोठी करण्याचा खर्च वेगळा. आम्हाला गॅस फर्नेस अधिक हीट पंप अशा जोडीचं कोटेशन १७,८०० आलं होतं. फरक भरून निघायला लागणारी वर्षं मोजली आणि गॅसवरच राहिलो.

कार्यक्षमतेच्या जाहिरातींबद्दल एक. ८० टक्क्यांवरून ९६वर गेल्याने तेवढ्याच उबेसाठी गॅस सुमारे १७ टक्के कमी लागतो. हिवाळ्याच्या गॅसचं बिल वर्षाला १,१०० डॉलर असेल तर वाचतात १८०च्या आसपास. "बिल निम्मं होईल" म्हणणाऱ्याला हा भागाकार करून दाखवा.

५. कोटेशन ओळीओळीने लावून बघा

आमच्याकडे आली ती अशी. पहिलं २२,३००चं. दुसरं फोनवरच, ९,४००, "आहे त्याच साइझचं". तिसरं त्या पोलिश काकांच्या कंपनीचं, १३,२००, आणि चिमणीच्या लायनरचे ९५० वेगळे.

९,४०० बघून नवरा खूष. मग मी त्या माणसाला एकेक गोष्ट विचारत गेले. पर्मिट? धरलेलं नाही. लायनर? "गरज नाही." लाइन सेट? जुनाच. कॉइल? "ती तर लागेलच, वेगळी." विचारून विचारून यादी पुरी झाली तेव्हा ९,४००चे १२,३०० झाले होते, आणि टन तेवढेच.

चिमणीची ही भानगड समजून घ्या, कारण बहुतेक वेळा ती शेवटच्या दिवशी उपटते. जुन्या ८० टक्क्यांच्या फर्नेसचा आणि गॅसच्या वॉटर हीटरचा धूर एकाच चिमणीतून जातो. नव्या ९० टक्क्यांच्या वरच्या फर्नेसचा धूर इतका थंड असतो की तो पीव्हीसी पाइपमधून भिंतीतून बाहेर काढतात. मग चिमणीत उरतो एकटा वॉटर हीटर. एवढ्याशा धुराला ती चिमणी फार रुंद आणि थंड पडते. वाफ आतल्या आत पाणी होऊन विटांमधला चुना खाते, आणि ओढ कमी झाली की धूर बेसमेंटमध्ये परतू शकतो. त्यासाठी चिमणीत धातूची बारीक नळी सोडतात, तो लायनर. वॉटर हीटरही म्हातारा असेल तर लायनरवर पैसे घालण्याआधी भिंतीतून धूर सोडणाऱ्या किंवा विजेच्या वॉटर हीटरचा भाव विचारा. आमचा चारच वर्षांचा होता, म्हणून लायनर घेतला.

कोटेशनमध्ये लेखी हवं ते असं:

- फर्नेस, कॉइल आणि बाहेरचं युनिट, तिन्हींचे पूर्ण मॉडेल नंबर, आणि ही तिघं एकमेकांशी जुळतात असं एएचआरआयचं (ही यंत्रं बनवणाऱ्यांच्या संघटनेचं) प्रमाणपत्र. रिबेटला हेच लागतं.
- लोड कॅल्क्युलेशनची, म्हणजे मॅन्युअल जे हिशेबाची, प्रत
- लाइन सेट नवा की जुना धुऊन. जुना ठेवणार असतील तर कारण
- धुराचा पाइप, लायनर, पाण्याची नळी, लागत असेल तर पंप, फ्लोट स्विच
- विजेचं काम: ब्रेकर आणि बाहेरचा डिस्कनेक्ट (युनिटची वीज तोडायचा खटका)
- पर्मिट कोण काढणार, फी कोणाची
- जुनं यंत्र नेणं आणि जुना रेफ्रिजरंट रीतसर काढून घेणं
- मजुरीची वॉरंटी किती वर्षं

शेवटची ओळ सगळेच विसरतात. कंपनीची दहा वर्षांची वॉरंटी सुट्या भागांची असते. तो भाग बसवायला येणाऱ्या माणसाची मजुरी आपली.

कमीत कमी कार्यक्षमता सरकारने ठरवलेली आहे. २०२३पासून एसीला सीअर-२ हे कार्यक्षमतेचं नवं माप लागलं. उत्तरेकडच्या राज्यांत, न्यू जर्सी त्यातच येतं, किमान १३.४. दक्षिणेकडे घरगुती एसीला १४.३, मोठ्या यंत्रांना थोडी सवलत. आम्ही १५.२चा घेतला. आमच्याकडे एसी चार महिने चालतो, त्यामुळे त्याहून वरचे पैसे वसूल होणं कठीण. फिनिक्सला किंवा ह्यूस्टनला असता तर वेगळा विचार करा.

६. नवा रेफ्रिजरंट

आर-४१०ए (आर-२२नंतर आलेला गॅस) भरलेली नवी घरगुती यंत्रं बनवणं १ जानेवारी २०२५पासून बंद झालं. त्याच्या जागी आर-३२ आणि आर-४५४बी आले आहेत. दोन्ही किंचित ज्वलनशील आहेत, म्हणून यंत्रात गळती ओळखणारे सेन्सर असतात. घाबरण्यासारखं काही नाही. पण जुन्या कॉइलला नवं बाहेरचं युनिट जोडायचं जुगाड आता चालत नाही, आणि "गोदामात एक जुन्या गॅसचं पडलंय, स्वस्तात देतो" असं कुणी म्हणालं तर ते बसवायला परवानगी आहे का हे टाऊनशिपच्या कार्यालयात आधी विचारा. रेफ्रिजरंट हाताळणाऱ्याकडे पर्यावरण खात्याचं सेक्शन ६०८ प्रमाणपत्र लागतं. बघायला मागितलंत तर कुणी रागावत नाही.

७. लायसन्स आणि पर्मिट

न्यू जर्सीत या कामाला राज्याचं मास्टर एचव्हीएसीआर (हीटिंग, व्हेंटिलेशन, एसी आणि रेफ्रिजरेशन) लायसन्स लागतं. नंबर मागा आणि राज्याच्या संकेतस्थळावर तपासा. विम्याचं प्रमाणपत्र विमा कंपनीकडून थेट तुमच्या ईमेलवर यायला सांगा.

सापळा असा: "पर्मिट तुमच्या नावाने काढा, स्वस्त पडतं." काढू नका. घरमालकाच्या नावाचं पर्मिट म्हणजे काम तुम्ही स्वतः करताय असं लिहून देणं. उद्या काही झालं तर जबाबदारी तुमची. आणि पर्मिटच नको म्हणणाऱ्याला तर चहाही विचारू नका. घर विकताना खरेदीदाराचा वकील टाऊनशिपकडून नोंदी काढतो. फर्नेस नवी, पर्मिट नाही, किंवा पर्मिट काढलंय पण शेवटचं इन्स्पेक्शन झालेलं नाही, दोन्हीत व्यवहार अडतो.

८. पैसे

एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे मोकळे महिने. घासाघीस तेव्हाच करता येते. जुलैत आणि जानेवारीत तुम्ही गरजवंत असता, आणि समोरच्याला ते तुमच्या घामावरून किंवा अंगावरच्या दोन स्वेटरवरून कळतं.

अठरा महिने बिनव्याजी वाटणारी योजना नीट वाचा. बऱ्याचदा अट अशी असते की मुदतीत शंभर डॉलर जरी बाकी राहिले तरी पहिल्या दिवसापासूनचं सगळं व्याज लागतं. शिवाय कर्ज देणारी कंपनी काँट्रॅक्टरकडून फी घेते आणि ती तुमच्या भावात आधीच मिसळलेली असते. म्हणून कर्जाचं बोलण्याआधी "चेकने दिले तर किती?" विचारा. आमचे त्यात ४०० सुटले, पण रोख कमी न करता त्यांनी तेवढ्यात चार इंची फिल्टरची पेटी बसवून दिली. म्हणून आकडा १४,१५०च राहिला.

सगळे पैसे आगाऊ देऊ नका. आम्ही सहीच्या वेळी १० टक्के, यंत्र दारात आल्यावर निम्मे आणि इन्स्पेक्शन झाल्यावर उरलेले असं लिहून घेतलं.

केंद्र सरकारची कर-सवलत, हीट पंपला २,००० डॉलरपर्यंत आणि एसी-फर्नेसला प्रत्येकी ६००पर्यंत, आता नाही. ३१ डिसेंबर २०२५नंतर बसवलेल्या यंत्राला ती मिळत नाही. अजूनही तिचा आकडा वजा करून "तुम्हाला पडणारी किंमत" दाखवणारी कोटेशनं फिरतात, ती बाजूला ठेवा. वीज आणि गॅस कंपन्यांच्या रिबेट वेगळ्या. त्यांच्या अटी सही करण्याआधी वाचा, कारण काहींना काम सुरू व्हायच्या आधी अर्ज लागतो. होम वॉरंटीवर फार विसंबू नका. बांधकामाचे नियम (कोड) पाळण्यासाठी लागणारे बदल, म्हणजे लायनर, पाइप, पर्मिट, त्यातून बऱ्याचदा वगळलेले असतात.

आणि सही करून बसला असाल तर? विक्रेत्याने घरी येऊन केलेल्या विक्रीला फेडरल ट्रेड कमिशनचा नियम आहे. तिसऱ्या कामाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत रद्द करता येतं, शनिवार कामाचा दिवस धरतात. मात्र तातडीच्या गरजेला तुम्हीच बोलावलं असेल आणि "तातडीची गरज असल्याने मी हा हक्क सोडतो" असं स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून, तारीख घालून सही दिली असेल तर तो हक्क जातो. थंडीत कुडकुडताना असं काही लिहून मागितलं तर सावध राहा.

९. बसवण्याच्या दिवशी घरी थांबा

आमचं काम सकाळी आठला सुरू होऊन संध्याकाळी साडेसहाला संपलं. आदल्या दिवशी बेसमेंटमधली वाट मोकळी करा. आमच्या फर्नेसला टेकून गणपतीच्या मखराचे थर्माकोल ठेवलेले होते. काकांनी ते बघून कपाळाला हात लावला, आणि बरोबरच होतं.

तीन गोष्टी डोळ्यांनी बघा. नळ्यांचे सांधे जोडताना आतून नायट्रोजन सोडतात का. मग नायट्रोजनचा दाब भरून गळती तपासतात का. आणि शेवटी व्हॅक्यूम पंप लावून मीटरवर ५०० मायक्रॉनच्या (इथे हे नळीत उरलेल्या दाबाचं माप) खाली नेतात का. हा तिसरा टप्पा उरकायची घाई सगळ्यात जास्त असते, कारण त्यात माणूस नुसता उभा असतो. आमच्याकडे तो पाऊण तास चालला. मीटरचा फोटो काढून ठेवला. नळ्यांत हवा आणि ओल राहिली तर नव्या कॉम्प्रेसरचं आयुष्य तिथेच कमी होतं, आणि पैसे कितीही मोजले असले तरी ते कळतं पाच-सहा वर्षांनी.

जाण्याआधी एसी आणि हीट दोन्ही चालवून घ्या, एप्रिल असो की ऑक्टोबर. फिल्टरचं माप पेटीवर मार्करने लिहायला सांगा. पाण्याच्या नळीत तांब्याभर पाणी ओतून ते कुठे जातं बघा.

इन्स्पेक्टर दहा दिवसांनी आला. त्याने सगळ्यात आधी कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म बघितले, मग लायनर, मग बाहेरचा डिस्कनेक्ट. मंजुरीचं स्टिकर चिकटवून गेला, त्या संध्याकाळी शेवटचा चेक दिला.

१०. नंतरचे कागद

वॉरंटीची नोंदणी तुम्ही स्वतः करा. "आम्ही करतो" म्हणाले तरी. बहुतेक कंपन्या ६० किंवा ९० दिवसांची मुदत देतात, ती चुकली की दहा वर्षांची वॉरंटी पाचवर येते. नोंदणीची पावती, करारपत्र, लोड कॅल्क्युलेशन, एएचआरआय प्रमाणपत्र, पर्मिटचं मंजुरीपत्र आणि पैसे दिल्याचे पुरावे एका पाकिटात घालून फर्नेसशेजारच्या भिंतीला अडकवा. पुढच्या तंत्रज्ञाला ते तिथेच लागतं.

त्या वर्षी आई-बाबा मे महिन्यात पुन्हा आले. अडीच टनांचा एसी दुपारभर हळू आवाजात चालू असायचा, आणि तिसऱ्याच दिवशी आईने शाल मागितली. पंख्याचा विषय तिने तरीही सोडला नाही. रिबेटचा अर्ज जूनमध्ये एकदा परत आला, कारण बिलावर कॉइलचा मॉडेल नंबर एका अक्षराने चुकला होता. काँट्रॅक्टरकडून बिल दुरुस्त करून घेतलं, पुन्हा पाठवलं, आणि त्यानंतर अकरा आठवड्यांनी चेक आला.